जपानी माणूस वाकतो कशासाठी? कापसापासून बिडकीनपर्यंतची एक जुनी ओळख

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण ज्यांच्या घरातलं लेकरू जपानला जायची तयारी करतंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या भागात जपानचं नाव फार ऐकू यायला लागलं. नांदेडला क्लासच्या पाट्या लागल्यात, मोबाईलवर जाहिराती येतात, आयटीआय झालेली, नर्सिंग केलेली, डिप्लोमा केलेली पोरं चौकशी करतात. ऑगस्ट 2025 मध्ये पंतप्रधानांच्या जपान दौऱ्यात दोन्ही देशांनी जाहीर केलं की पाच वर्षांत दोन्हीकडून मिळून 5 लाख लोकांची ये-जा व्हावी, त्यात भारतातून जपानला जाणारी 50 हजार कुशल माणसं असावीत. तेव्हापासून तर जोरच आलाय.

अशा एका क्लासला जाणाऱ्या पोरानं मला वही दाखवली. त्यात लिहिलेलं: कमरेतून 30 अंश वाकणे, कार्ड दोन हातांनी देणे, नाक शिंकरू नये, चॉपस्टिक भातात उभ्या खुपसू नयेत. सगळं बरोबर आहे. पण हे कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. शाळेत पीटीच्या तासाला 'सावधान, विश्राम' शिकवतात तसं त्याला जपान शिकवलेलं. त्याचा बाप शेतकरी, कापूस लावणारा. तो मला म्हणाला, "साहेब, ह्यांचं आन आपलं काय नातं? कुठं जपान, कुठं उमरी."

नातं आहे, आणि ते कापसाचंच आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आपली उमरी आज तालुक्याचं लहान गाव वाटतं. पण मनमाड-सिकंदराबाद रेल्वे इथून गेली तेव्हापासून ही कापसाची पेठ. जिनिंग, प्रेसिंग, आडत, गाठी आणि त्यामागून आलेला पैसा. 30 जानेवारी 1948 ला, रझाकाराच्या काळात, स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र तरुणांनी उमरीची बँक फोडली हा इतिहास तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण एवढ्याशा गावात फोडण्याजोगी बँक होतीच का, हा प्रश्न आपण विचारत नाही. बँक होती कारण कापूस होता. नांदेड-परभणीकडचा गावरानी कापूस त्या काळी देशी कापसांत नावाजलेला होता.

आणि त्या काळात हिंदुस्थानच्या कच्च्या कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? इंग्रज नव्हे. जपान. ओसाकाच्या गिरण्यांना आपला आखूड धाग्याचा स्वस्त कापूस लागायचा. तो अमेरिकन आणि चिनी कापसात मिसळून सूत काढण्याची त्यांची हातोटी होती. आता आपला उमरीचा नेमका कोणता गठ्ठा कोबेच्या बंदरात उतरला हे मी सांगू शकत नाही, पण मुंबईच्या बाजारात जो भाव फुटायचा त्यावर जपानी खरेदीचा हात असायचा, आणि मुंबईचा भाव तारेनं आपल्याकडं यायचा.

ह्या व्यापाराची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. जपानी लोकांच्या धंद्यातल्या रीतीभाती कळायच्या असतील तर माझ्या मते वाकण्याच्या अंशांपेक्षा ही गोष्ट जास्त उपयोगाची.

साल 1893. मुंबईहून जपानला कापूस न्यायचा तर पी अँड ओ ही इंग्रज कंपनी आणि तिच्यासोबत आणखी दोन युरोपी कंपन्या, ह्यांच्याच बोटी. भाडं ते सांगतील ते. जमशेटजी टाटांची नागपूरला एम्प्रेस मिल होती, कापसाचा धंदा होता. ते जपानला गेले आणि निप्पॉन यूसेन काइशा ह्या बोट कंपनीशी बोलणी केली. मधे होते शिबुसावा एइइची, जपानच्या आधुनिक उद्योगांचे जणू आजोबाच. (2024 पासून जपानच्या 10 हजार येनच्या नोटेवर ह्यांचंच चित्र आहे. पोरांनो, पहिला पगार हातात आला की बघा.) त्याच प्रवासात योकोहामाहून पुढं व्हँकुव्हरला जाताना बोटीवर जमशेटजींबरोबर स्वामी विवेकानंद होते, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बोटीच्या भाड्याची गोष्ट कुणाला माहीत नसते.

7 नोव्हेंबर 1893 ला हिरोशिमा मारू ही बोट कोबेहून मुंबईकडं निघाली. जपानची ही पहिली दूरपल्ल्याची नियमित बोटसेवा. टाटांनीही भाड्यानं बोटी घेऊन त्यात उडी मारली. पी अँड ओनं काय केलं? टनाला 17 रुपये असलेलं भाडं पाडत पाडत दीड रुपयावर आणलं. वर व्यापाऱ्यांना सांगितलं की तुम्ही टाटाच्या किंवा जपानी बोटीनं माल पाठवणार नसाल तर आणखी सूट.

आता इथं दोन गावचे व्यापारी बघा. मुंबईचे कित्येक व्यापारी, जे आधी टाटांच्या मागं उभे होते, ते स्वस्त भाडं बघून सटकले. पदरचा पैसा वाचतोय, कोण सोडतं? 1895 पर्यंत टाटांना आपली बोटसेवा गुंडाळावी लागली. तिकडं जपानच्या सूतगिरणीवाल्यांच्या संघानं बोट कंपनीशी करार केला होता की आमचा कापूस तुमच्याच बोटीनं येईल. दीड रुपयाचं भाडं त्यांच्याही समोर होतं. ते हलले नाहीत. महाग भाडं देत राहिले. शेवटी 1896 मध्ये पी अँड ओलाच जपानी कंपनीशी जुळवून घ्यावं लागलं.

ह्यात जपानी माणूस साधू होता असं मला म्हणायचं नाही. त्यांच्यामागं सरकारही उभं होतं. पण ठरवायच्या आधी त्यांनी महिनोन्महिने बोलणी केलेली होती, प्रत्येकाला विचारलेलं होतं, आणि सगळ्यांची मान हलल्यावरच सही झालेली होती. म्हणून सही मोडली नाही.

ह्याला ते आज 'नेमावाशी' म्हणतात. शब्द माळीकामातला आहे. मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडं लावायचं असेल तर आधी मुळांभोवती हळूहळू खणून घ्यायचं, तसं. जपानी कंपनीत मिटिंगमध्ये वादावादी होत नाही, ती ह्यामुळं. मिटिंग भरेपर्यंत निर्णय झालेला असतो. एकेकाच्या टेबलाशी जाऊन, चहा पीत, सांगून-विचारून झालेलं असतं. आपली पोरं तिथं जातात, भर मिटिंगमध्ये हात वर करून "माझ्याकडं एक चांगली आयडिया आहे" म्हणतात, आणि सगळे शांत बसतात. पोराला वाटतं आयडिया पटली. खरं म्हणजे सगळ्यांची पंचाईत झालेली असते.

खरं सांगायचं तर आपल्याला हे परकं नाही. सोयरीक जमवताना आपण काय करतो? बैठक बसायच्या आधी मामाला विचारलेलं असतं, चुलत्याची समजूत काढलेली असते, देण्याघेण्याचं मध्यस्थानं कानात सांगितलेलं असतं. बैठकीत फक्त सुपारी फुटते. लग्नात जे आपण करतो ते जपानी माणूस मशीन विकत घेताना करतो, एवढाच फरक.

पुढं जपानी कंपन्या नुसत्या मुंबईत बसून राहिल्या नाहीत. निप्पॉन मेन्का, मित्सुईच्या कापूस विभागातून 1920 मध्ये वेगळी झालेली तोयो मेन्का, आणि गोशो, ह्या कंपन्यांची माणसं वऱ्हाडासारख्या कापूस मुलखात आतपर्यंत खरेदीला यायची. का यावं लागलं? ह्याचं उत्तर आपल्याला आवडणार नाही. आपल्याकडं गाठीत पाणी मारायचे. चांगल्या कापसात हलका मिसळायचे. इंग्रज सरकारला ह्यासाठी 1923 मध्ये कापूस वाहतुकीचा आणि 1925 मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा करावा लागला. गिऱ्हाईक आत आलं ते आपल्या मालावर आपल्या माणसाचा डोळा हवा म्हणून. मोंढ्यातल्या जुन्या माणसांना 'कडता' हा शब्द ठाऊक आहे. ओल आहे, कचरा आहे म्हणून वजनातून कापून घ्यायचं. कडत्यात शेतकरी किती नागवला गेला हे मी ह्याच पेजवर लिहिलेलं आहे. पण कडता सुरू व्हायला ओल्या गाठीही कारण होत्या, हेही लिहिलं पाहिजे.

त्यातल्या गोशो कंपनीच्या नावाचा अर्थ गमतीचा आहे: 'ओमीचा व्यापार'. ओमी म्हणजे क्योतोच्या शेजारचा, मोठ्या सरोवराकाठचा मुलूख. तिथले व्यापारी खांद्यावर काठी, तिच्या दोन टोकांना गाठोडी घेऊन देशभर फिरायचे. आपल्याकडं मारवाडी व्यापारी जसे लोटा-दोरी घेऊन निघाले आणि निजामाच्या मुलखातल्या खेड्याखेड्यात पोचले, अगदी तसेच. परमुलखात जायचं तर तिथल्या लोकांचा विश्वास पाहिजे. त्या ओमी व्यापाऱ्यांच्या शिकवणीतून पुढं एक सूत्र निघालं, 'साम्पो-योशी'. विकणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचं भलं, आणि गावाचं भलं. हे तीन शब्दांचं सूत्र अलीकडच्या काळात बांधलं गेलं, पण त्याचं मूळ 1754 साली एका ओमी व्यापाऱ्यानं वारसासाठी लिहून ठेवलेल्या उपदेशात आहे. परगावी माल विकायला गेलास तर आधी तिथल्या लोकांचा विचार कर, असा त्याचा आशय.

आता वहीतल्या नियमांकडं येऊ. ते ह्या व्यापारी स्वभावातून बघितले की सोपे होतात.

व्हिजिटिंग कार्डाचंच घ्या. जपानीत त्याला 'मेइशी' म्हणतात. उभं राहून, दोन हातांनी, नाव समोरच्याला सरळ वाचता येईल असं धरून द्यायचं. पाहुणा किंवा हुद्द्यानं लहान असलेला आधी देतो, आणि आपलं कार्ड समोरच्याच्या कार्डापेक्षा किंचित खाली धरतो. समोरच्याचं कार्ड घेतल्यावर वाचायचं. खरंच वाचायचं, नाव मोठ्यानं म्हणून उच्चार विचारला तरी चालतं. बसल्यावर ते टेबलावर आपल्यासमोर ठेवायचं, चार माणसं असतील तर ज्या क्रमानं बसलीत त्या क्रमानं मांडायचं. त्यावर त्यांच्यासमोर पेननं काही लिहायचं नाही, आणि मागच्या खिशात कोंबायचं तर अजिबातच नाही, त्यावर तुम्ही बसणार! आपल्याकडं लग्नपत्रिका देताना अक्षता लावून, दोन हातांनी, वाकून देतात आणि घेणाराही कपाळाला लावतो. ती पत्रिका कुणी उभ्या उभ्या दुमडून खिशात घातली तर देणाऱ्याला काय वाटेल? तेच. कार्ड हा कागद नसून माणूस आहे असं ते धरून चालतात. आणि वाचायचं कारण असं की कार्डावर हुद्दा असतो, आणि हुद्द्याप्रमाणं भाषा बदलते. जपानीत वरच्याशी बोलायचं क्रियापद वेगळं. आपल्या 'ये', 'या', 'यावं' ह्याची ती मोठी बहीण.

पण एका ठिकाणी त्यांची रीत आपल्या बरोबर उलटी आहे, आणि आपली पोरं तिथंच अडखळतात. आपण बाहेरच्या माणसासमोर आपल्या साहेबाला जास्तच मान देतो. "आमचे मोठे साहेब आत्ता मिटिंगमध्ये आहेत." जपानी माणूस सहकाऱ्याला आणि साहेबाला तोंडावर 'सान' लावतो, पण बाहेरच्या गिऱ्हाइकाशी बोलताना स्वतःच्या साहेबाचं नुसतं आडनाव घेतो. "तानाका आत्ता जागेवर नाहीत." का? कारण गिऱ्हाइकासमोर आपली अख्खी कंपनी हे आपलं घर, आणि आपल्या घरच्यांना बाहेरच्यासमोर मोठं करायचं नाही. स्वतःच्या नावाला 'सान' तर कधीच लावायचं नाही. आपल्याकडं फ्लेक्सवर स्वतःच स्वतःला 'मा. श्री.' लावून घेणारे आहेत, त्यांचं जपानमध्ये अवघड आहे.

बसण्याच्या जागेचंही असंच. दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची. ती पाहुण्याची. दाराजवळची जागा यजमानांपैकी सगळ्यात धाकट्याची. आपल्या आडतीवर शेठ सगळ्यात आत, तक्क्याला टेकून, आणि माल घेऊन आलेला शेतकरी उंबऱ्याजवळ उकिडवा. तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर ते बसवतील तिथं बसा, उगाच "नाही नाही, मी इथंच बरा" करून दाराजवळची खुर्ची धरू नका. नोकरीला गेलात तर मात्र दाराजवळची तुमचीच.

आणि ओतण्याचं: जेवणात स्वतःच्या ग्लासात स्वतः ओतायचं नसतं, शेजाऱ्याच्या ग्लासात आपण ओतायचं, आपल्यात तो ओततो. न पिणाऱ्यानं चहा किंवा रस घ्यावा, कुणी राग धरत नाही. पण सगळ्यांच्या हातात ग्लास आल्याशिवाय पहिला घोट घ्यायचा नाही. पंगतीत 'वदनी कवळ' होईपर्यंत आपण हात लावत नाही, तसंच.

वेळेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ह्यावर आपल्याकडं एक आळशी समज आहे. जपानी लोक मुळातच वेळेचे पक्के, आपलं रक्तच तसं नाही, असं लोक म्हणतात. साफ चूक. 1850 च्या दशकात नागासाकीला शिकवायला आलेला कॅटेनडाइके नावाचा डच अधिकारी वैतागलेला होता तो जपानी लोकांच्या सुस्तपणावर आणि वेळ न पाळण्यावर. तेव्हा त्यांची वेळ आपल्या प्रहरांसारखीच होती. दिवसाचे सहा भाग, रात्रीचे सहा भाग, उन्हाळ्यात दिवसाचे भाग लांब, हिवाळ्यात आखूड. 1872 ला पहिली रेल्वे आली, 1873 पासून नवं कॅलेंडर आलं, मग शाळा, कारखाने आले. आणि तरी वेळ पाळली जात नव्हती म्हणून 1920 मध्ये 10 जून हा 'वेळेचा दिवस' ठरवून मोहीम काढावी लागली. म्हणजे हे त्यांनी कमावलंय, दोन-तीन पिढ्या खर्चून. वाकण्याचंही थोडं तसंच. वाकणं जुनं आहे, पण शाळेतून सगळ्यांना एकसारखं शिकवण्याचं काम मेइजी काळातलं, त्यासाठी सामुराई घराण्यांतल्या ओगासावारा परंपरेची शिस्त वापरली. आणि आजचं मेइशी? छापील कार्डाची पद्धत गोऱ्यांशी संबंध आल्यावर रुळली. त्यांनी बाहेरून घेतली आणि इतकी आपलीशी केली की आता बाहेरचे लोक ती त्यांच्याकडून शिकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, 'नाही' म्हणण्याची पद्धत.

जपानी माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. तो श्वास आत ओढतो, मान थोडी तिरकी करतो आणि म्हणतो, "जरा अवघड आहे." किंवा, "आम्ही विचार करतो." ह्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही. आणि तुम्ही बोलत असताना तो मधेमधे 'हाइ, हाइ' म्हणतो, त्याचा अर्थ 'ऐकतोय', 'मान्य आहे' असा नव्हे. गोरे लोक ह्यात फार फसतात, त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिलीत. मराठवाड्यातल्या माणसानं फसायचं कारण नाही! आडत्याकडं उचल मागायला गेल्यावर तो "बघू की" म्हणतो तेव्हा आपण उठून चप्पल घालतो. पुढाऱ्यानं "करू, करू" म्हटलं की काम होणार नाही हे आपल्याला कळतं. पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा, बोटं धरून भाव, तोंडातून शब्द नाही. न बोललेलं वाचायची सवय आपल्या हाडात आहे. फक्त ती तिथं चालू ठेवा.

पण एक भानगड आहे. वरिष्ठानं दिलेल्या कामाबद्दल मात्र तिथं आडून बोलणं चालत नाही. 'होरेन्सो' असा एक शब्द तिथं नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. उच्चार पालकाच्या भाजीसारखा, पण तीन शब्दांची आद्याक्षरं आहेत: कळवणं, संपर्कात राहणं, सल्ला घेणं. 1980 च्या दशकात यामाताने सिक्युरिटीज ह्या कंपनीच्या प्रमुखांनी तो रूढ केला. काम अडलं तर लगेच सांगायचं. उशीर होणार असेल तर उशीर व्हायच्या आधी सांगायचं. आपण "होऊन जाईल साहेब" म्हणतो आणि शेवटच्या दिवशी सांगतो की झालं नाही. हे आपल्याकडं खपतं. तिथं उशिरापेक्षा न सांगणं मोठा गुन्हा. तिथं राहून आलेल्या ज्या ज्या पोरांशी मी बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी हेच पहिलं सांगितलं. वाकण्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

ह्या रीती महाराष्ट्रात नवीन नाहीत. 1984 मध्ये फिरोदियांनी होंडाबरोबर कायनेटिक होंडा काढली. बजाजनं कावासाकीशी हात मिळवला, आणि वाळूजच्या कारखान्यांतून आपल्या भागातल्या कित्येक पोरांनी सेइरी, सेइतोन हे शब्द भिंतीवर वाचले. नको ते काढून टाका, हवं ते जागच्या जागी ठेवा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक विद्यापीठात जपानी शिकणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. टोकियोच्या निशिकासाई भागात आयटीवाल्यांची वस्ती झाली, तिथूनच योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस 2019 मध्ये एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आला. आणि जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करनं छत्रपती संभाजीनगरला कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, आकडा सुमारे 20 हजार कोटींचा. बिडकीनला तो उभा राहिला तर जपानी साहेब बघायला विमानात बसायची गरज नाही, उमरीच्या पोराला रेल्वेच पुरे.

इतकं कौतुक केलं, आता दुसरी बाजू.

1933 चं साल. जपानी कापड हिंदुस्थानात इतकं स्वस्त यायला लागलं की सरकारनं जूनमध्ये ब्रिटनबाहेरच्या कापडावर 75 टक्के जकात लावली. जपानच्या गिरणी संघानं काय केलं? आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. हिंदुस्थानचा कापूस घेणं बंद. सगळ्यांनी मिळून, एका दमात. 1893 ला बोटीच्या भाड्यावर जी एकी दिसली तीच ही, फक्त ह्या वेळी टोक आपल्याकडं होतं. मंदीनं भाव आधीच मातीत गेलेले, त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक उठून गेलं. सप्टेंबरमध्ये सिमल्याला बोलणी सुरू झाली. हिंदुस्थान सरकारकडून जोसेफ भोर, जन्मानं आपले नाशिकचे. जपानकडून सावादा. अतिशय सभ्य माणसं, सभ्य बोलणी, आणि ती चालली जानेवारी 1934 पर्यंत. शेवटी ठरलं की जपाननं वर्षाला 10 लाख गाठी कापूस घ्यावा, त्या बदल्यात 32.5 कोटी वार कापड पाठवावं. गाठी 15 लाखांवर गेल्या तर कापड 40 कोटी वारांपर्यंत. सौदा झाला. पण त्या मधल्या महिन्यांत ज्यानं पडेल भावात कापूस विकला, त्याला सिमल्यात कोण किती अंश वाकलं ह्याच्याशी काय देणंघेणं?

म्हणून पोरांच्या आईबापांना सांगतो. रीत शिकवा, पण रीतीला भुलू नका. जपाननं परदेशी कामगारांसाठी 1993 पासून जी 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' योजना चालवली, तिच्यात इतके गैरप्रकार निघाले, कमी पगार, मालक बदलायची बंदी, की 2023 मध्ये त्यांच्याच सरकारच्या तज्ज्ञ समितीनं ती बंद करा असं सांगितलं. 2024 मध्ये तिच्या जागी नव्या योजनेचा कायदा झाला, ती 2027 पासून लागू व्हायची आहे. त्या जुन्या योजनेतले मालकही वाकून नमस्कारच करत असतील.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पासपोर्ट कुठल्याही मालकाकडं ठेवायला द्यायचा नाही. प्रशिक्षणार्थीचा पासपोर्ट मालकानं अडकवून ठेवणं जपानच्या कायद्यानंच मना आहे. दोन हातांनी मागितला तरी द्यायचा नाही. आपल्याकडचा परदेशी भरतीचा एजंट सरकारकडं नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बघा. नोंदणी असलेल्या एजंटाला सेवा शुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याच्यावर तीन-चार लाख मागणाऱ्याला विचारा, कशाचे? पावती द्या म्हणा. 'विशेष कुशल कामगार' व्हिसावर जायचं तर कामाच्या कौशल्याची परीक्षा आणि साधारण एन-4 पातळीची जपानी लागते. पंधरा दिवसांच्या वाकण्याच्या क्लासनं ती येत नाही, आठ-दहा महिने घासावी लागते. करारपत्र जपानीत असेल तर भाषांतर मागा, आणि पगारातून खोलीचं भाडं, विमा, कर किती कापला जाणार तो आकडा आधी लिहून घ्या. हा तिथला कडता समजा.

ह्यात उद्धटपणा काही नाही. करार नीट वाचणारा, वेळेत प्रश्न विचारणारा माणूस जपानी कंपनीला आवडतो, असं तिथली पोरंच सांगतात.

एक विनंती. उमरी, धर्माबाद, भोकर, नांदेडकडच्या जुन्या जिनिंगवाल्यांच्या किंवा आडतीच्या घरात वह्या, हिशोबपट्ट्या, गाठींवरचे मार्के, मुंबईच्या पेढ्यांची पत्रं पडलेली असतील. त्यात 'गोशो', 'तोयो', 'निप्पॉन', 'मित्सुई' असं कुठं नाव दिसलं तर फेकू नका, रद्दीत घालू नका. फोटो काढून मला इनबॉक्सला पाठवा, मी स्वतः येऊन बघतो. मोडी किंवा उर्दूत असेल तरी चालेल, वाचणारी दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत.